शनिवार, संध्याकाळचे सहा

आमचं दुकान सरळ होतं.
दोन तळ्यांच्या मधून धडधडत उतरणारं पाणी,
पाण्याची वीज, विजेचे युनिट, युनिटांचं बिल.
जितकं जास्त जळेल तितकं बरं,
असं तांपेरेच्या कचेरीत कुठे लिहिलं नव्हतं,
पण बोनस त्याच हिशेबाने यायचा.

ताउनो राउतिआइनेन वर्षातून एकदा
पिस्पालाच्या लाकडी पायऱ्या चढायचा,
कुत्र्यांना नावानं हाका मारत
तळघरातले आकडे वहीत उतरवायचा.
बोटं गारठली की त्याचे सात आणि एक
सारखेच दिसत.
त्या एका घोळावर माझी अर्धी नोकरी निभावली.

आता मीटर दर पाव तासाला स्वतःच बोलतं.
आणि मला नवं काम मिळालंय:
लोकांनी वीज कधी वापरू नये, ते ठरवायचं.
हसू नका.
वाण्यानं म्हणावं, काकू, आज साखर नेऊ नका,
हे घ्या चार पैसे, उद्या या –
तसं झालंय आमचं.
जूनमध्ये तर छपरंच आम्हाला वीज विकतात;
गिऱ्हाईक कोण, दुकानदार कोण,
तागडीलाही उमगत नाही.

पण शनिवार, संध्याकाळचे सहा.
अख्खं शहर एकदम सौना तापवतं.
आलेखावर डोंगर उभा राहतो,
त्या एका तासासाठी महागडी वीज विकत घेताना
आमचा आठवडाभराचा नफा वाहून जायचा.
म्हणून संदेश जातो: तीन तास थांबा, चार युरो वजा.

आउने लेहतोविर्ता थांबत नसे.
एकसष्ट सालापासून सहा म्हणजे सहा.
नवऱ्याला पुरलं त्या शनिवारीही.
सपाट रेघेवर तिच्या घराचा एक टेंगूळ,
मी दर आठवड्याला तो बघायचे,
कुणाला सांगत नसे.

जानेवारीत, उणे एकोणतीसला,
सहा वाजले, टेंगूळ आलं नाही.
सव्वासहा. साडेसहा.
नियमात बसत नाही, तरी मी फोन लावला.
सात वेळा वाजला.

"आहे, आहे मी," ती म्हणाली.
"नातवानं काहीतरी जोडून दिलंय, नऊला तापेल.
टॉवेल मांडीवर घेऊन बसलेय.
एक सांगा,
हे माझं थांबणं
तुम्ही पुढे कुणाला विकलंत?"

खरं सांगितलं: राष्ट्रीय ग्रिडला.
केवढ्याला? तेही सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग हसू, खोकल्यासारखं.
"म्हणजे चारात गुंडाळलंत मला.
पुढच्या वेळी सहा मागेन."

मी ते टिपून घेतलं. ताउनोच्याच जुन्या वहीत,
कारण स्क्रीनवर त्यासाठी रकाना नव्हता.

नऊ वाजून चार मिनिटांनी टेंगूळ आलं.
मग मी कोट चढवला.