डावा कान

फोन येतो बरोबर बटाटे उकडून झाले की.
साडेसहा. बाहेर विनिपेग सरोवर दगडासारखं थिजलेलं,
आणि आत कुणीतरी विचारतं,
तुमच्या घरातले डक्ट शेवटचे कधी साफ केले?

माझ्या घरात डक्ट नाहीत.
लाकडाची शेगडी आहे, तिचं धुराडं मीच झाडतो,
ऑक्टोबरात, तोंडाला फडकं बांधून.
हे मी पहिल्या वर्षी सांगत असे, नीट, समजावून.
दुसऱ्या वर्षी नुसतं "नको".
तिसऱ्या वर्षी शेजारच्या ओरेस्टनं
हॉकीची पंचगिरी सोडली आणि शिट्टी मला दिली.
म्हणाला, असल्यांचे कान असेच उपटायचे.

एकदाच वाजवली.
ज्या छातीनं चाळीस वर्षं
वाऱ्यात एका नावेवरून दुसरीवर हाका मारल्या,
त्या छातीनं.
कुत्रं पलंगाखाली गेलं.
पलीकडे काही नाही. मग गलका,
शंभर जण एकदम नम्रपणे बोलतायत असा,
आणि मग ती, अगदी हळू:
"एक मिनिट हं, सर. आता डाव्या कानानं ऐकते."

पुढचं सगळं तिनं वाचून दाखवलं.
डक्ट, सवलत, मार्चअखेर.
मी सगळं ऐकलं.
नाव विचारलं तर म्हणाली, मारिविक.
तिथं सेबूत सकाळ झाली होती,
पाळी सुटायला अर्धा तास.

शिट्टी ओरेस्टला परत केली नाही,
त्यानं कारण विचारलं असतं.
जाळी विणायच्या सुयांच्या डब्यात आहे, तळाशी.

तरी फोन उचलतो, त्याचं कारण हे नव्हे.
बिल अजून सिगुरलौगच्या नावावर येतं.
अख्ख्या गिमलीत तिचं नाव आता कुणी घेत नाही,
मला बरं वाटावं म्हणून.
हे लोक बेधडक विचारतात,
सिगरलॉग बाई आहेत का? सिगूला? सिग… मिसेस एस?
एकानं तर तिला श्रीयुत करून टाकलं.
चुकतमाकत का होईना,
या स्वयंपाकघरात तिला कुणीतरी हाक मारतं.

मी म्हणतो, कोंबड्यांना दाणे घालतेय.
केस धुतेय.
सरोवरावर गेलीय, उशीर होईल.
खोटं? असेल.
त्यांचे डक्ट तरी कुठं खरे.

जानेवारीत एक पोरगा चिवट निघाला.
"सर, मागच्या खेपेलाही त्या सरोवरावरच होत्या."
उणे एकतीस होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.
पांढऱ्यावर पांढरं, आणि लांब एक खोपटं,
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या कुणाचं तरी.
"मग केव्हा करू फोन?"
बर्फ फुटला की कर, म्हटलं.
बोटांची टकटक ऐकू आली.
"बर्फ… फुटला… की," म्हणत त्यानं लिहून घेतलं.

नको असलेले फोन बंद करायची सरकारी यादी असते.
ओरेस्टच्या लेकीनं फॉर्म उघडून समोर ठेवला.
म्हटलं, चष्मा सापडत नाही.
चष्मा डोक्यावर होता. ती काही बोलली नाही.

मे. बटाटे. फोन.
नवखी मुलगी, ठेचाळत बोलणारी.
डक्ट नाही, सवलत नाही. आधीच म्हणाली,
"सर, इथं एक नोंद आहे, मला नीट कळली नाही.
बर्फ फुटला का?"

वायर पुरेल तितका दारापर्यंत गेलो.
काठाशी काळं पाणी हलत होतं,
आत अजून मोठाली लादी, करकरत, कूस बदलत.
तिला म्हटलं, थांब, ऐक.
आणि रिसीव्हर बाहेर धरला.