दोन जेट

जुनी गाडी गेली त्याला दोन वर्षं झाली.
पावाच्या लादीसारखी चौकोनी, करडी.
मागे माझी मेंढ्यांची लस, बर्फाची पेटी,
पुढे असानाली, आणि आम्हा दोघांच्या मध्ये
सीटच्या उंचीला आलेलं इंजिन.
त्याच्या झाकणावर चहाची किटली
आपोआप गरम राहायची.

सकाळी चोक ओढायचा, पायडल दोनदा,
मग थांबायचं. किती, ते त्यालाच ठाऊक.
अडलेल्या गायीशी बोलावं तसं बोलायचा :
घाई नाही बाई, घे तुझा वेळ.

नारिनहून निघताना इंजिन गुणगुणायचं.
काल्माक-आशूची चढण लागली, की
हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच;
गाडीला अजीर्ण.
काळा धूर, ठसका, म्हाताऱ्या घोडीची चाल.
तिसऱ्या वळणावर तो थांबायचाच.
तपकिरीच्या डबीत पितळेचे दोन जेट,
वाटाण्याएवढे :
खालच्या रस्त्यासाठी मोठ्या भोकाचा,
वरच्यासाठी बारीक.
मी विजेरी धरायची.
तो जेट ओठांत धरून फुंकायचा,
कचरा निघाला की शीळ यायची,
मोठ्याची घोगरी, बारक्याची उंच.
तोंडात पेट्रोल, मग थुंकी, मग चहा.

दहा मिनिटं.
त्या दहा मिनिटांत मला कळलं, की
त्याचा मुलगा येकातेरिनबुर्गला विटा वाहतो,
बायको एका हिवाळ्यापासून त्याच्याशी बोलत नाही,
आणि सोन-कुलच्या काठावर जन्म काढून
त्याला पाण्याची भीती वाटते.
गाडी चालू असताना आम्ही कधी बोललो नाही.
त्या आवाजात कोण बोलेल?

पण उगाच उमाळे नकोत.
त्याच गाडीत, एका जुलैत,
कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई अडकली.
सात तास खिंडीत. बर्फाचं पाणी झालं.
कोमट बाटल्या मी लाजेखातर
तशाच टोचल्या.
वसंतात उपेल आपाच्या कळपात
सतरा मेंढ्या गाभडल्या.
तिनं शिवी दिली नाही. वाडगाभर कुमिस दिलं.
ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

नवी गाडी, म्हणजे बारा वर्षांची,
पण इंजेक्शनवाली.
खात्यातले हसले : आता डॉक्टरीणबाईंना कोण विचारतो,
गाडी स्वतःच टोचून घेते.
किल्ली फिरवली की सुरू.
कुठलासा सेन्सर हवा चाखतो,
थेंब मोजून सोडतो.
खिंड येते, जाते. हिलाही उंची कळते,
फक्त ती बोलून दाखवत नाही.
लस थंड पोचते. मेंढ्या वेळेवर वितात.
असानाली आणि मी
गप्प निघतो, गप्प पोचतो.

मागच्या शरदात ती खिंडीतच थांबली.
एक पिवळा दिवा. बस्स.
जुनी खोकायची, कुरकुरायची,
दुखणं अंगावर काढत का होईना
घरापर्यंत आणायची.
हिची एकदम वाचाच बसली.
टाकीतला पंप गेला असेल, नाहीतर कॉम्प्युटर;
सांगणारं यंत्र बिश्केकला,
कुणा पोराच्या पाठपिशवीत.

असानालीनं सवयीनं झाकण उघडलं.
मी सवयीनं विजेरी धरली.
वायरी, नळ्या, एक बंद डबा.
मेंढीही बोलत नाही, पण तिचं पोट
हाताला लागतं तरी.

पेटीत बर्फ पुरेसा होता. मी दोनदा पाहिलं.

मग त्यानं खिशातून ती डबी काढली.
म्हणाला, "भंगारात गाडी दिली,
हे कशाला द्यायचं?"
बारका ओठांत धरून फुंकला.
शीळ उतारावरून खाली गेली,
खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
मी हात पुढे केला. त्यानं मोठा दिला.
पितळेला अजून
पेट्रोलची चव होती.

"मुलगा?" मी विचारलं.
"येतोय परत," तो म्हणाला.
आणि डबीचं झाकण लावता लावता,
"दर हिवाळ्यात म्हणतो तसं."