नऊ अंशांचं पाणी

दारूखान्यात, तोडलेल्या जहाजांचा माल जिथे विकतात
तिथे तय्यबअलींच्या माळ्यावर, मे महिन्यात, दुपारी दोनला
मी पाय घालते एका नारिंगी रबरी माणसात.
तो माझ्याहून वीतभर उंच. छातीवर
कुठल्याशा जहाजाचं अर्धं खरवडलेलं नाव.
"हा बुडताना घालायचा," तय्यबअली म्हणतात,
"वाट बघण्यासाठी शिवलेला आहे.
यात शिडाची दोरी ओढता येत नाही. काढ."

काढते. माझ्याआधी घाम बाहेर येतो.

दुसरा काळा, स्पंजासारखा, पाच मिलीमीटर जाड.
हा पाणी आत घेतो आणि माझ्याच उबेवर तापवतो,
म्हणजे पाहुणा यावा
आणि माझ्याच ताटातलं मला वाढावं.
अर्ध्या तासाच्या गार पाण्याला पुरेल.
माझी पाळी चार तासांची.

तिसरा कोरडा ठेवणारा.
मानेला, मनगटांना लेटेक्सचे पातळ पट्टे,
खांद्यावरून तिरकी चेन, चेनला मेण.
तय्यबअली पट्टा ताणून खिडकीच्या उजेडात धरतात,
दिव्यापुढे अंडं तपासावं तसे.
"भेग नाही. मान मात्र कापून घ्यावी लागेल तुझ्या मापाला,
थोडी थोडी काप. जास्त कापलीस तर समुद्र आत."
खाली पुढच्या बाजूला एक छोटी चेन.
ती कशासाठी, हे ते सांगत नाहीत,
मीही विचारत नाही.
शिवणाऱ्याने फक्त पुरुषच धरले होते हिशेबात.

कप्तानाचं पत्र पाठ झालंय:
हवा बघून कपडे घालू नकोस, पाणी बघून घाल.
इथे बंदरात मला हा फरक कुणी शिकवला नाही.
इथे हवा आणि पाणी सख्ख्या जावा,
एकाच चुलीवरच्या.
क्रॉस आयलंडपाशी होडी उलटली की आम्ही हसायचो,
ती सरळ करेपर्यंत
टी-शर्ट अंगावरच वाळायचा.

थंडी शिकायची तर या शहरात कुणाकडे जायचं?

ससून डॉकला, पहाटे चारला, चांगुणाबायकडे.
एकतीस वर्षं बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलतेय,
दोन बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे.
तिने माझा हात धरून टबात दाबला.
"मोज."
चाळीसला मी पंजाची मूठ करू शकले नाही.
साठ झाल्यावर तिने ओढणीची गाठ मारून दिली: सोड.
सुटली नाही.
"पयली बोटं जातान," ती म्हणाली,
"मंग गाठ. मंग एकदम बरं वाटाय लागतं,
तवा घाबर."
आणि सुती काही घालू नकोस आतून.
ओलं सुती म्हणजे ओला माणूस, पाठीवर बसतो, उतरत नाही.

म्हणून आत लोकर. दोन पदर.
वर तिसरा सूट, मान कापून, तीन वेळा, भीत भीत.
आज तोच घालून बसलेय बर्फाच्या हौदात,
दोन लाद्या फोडून, सव्वापाचला,
भोवती हमाल, बर्फवाले, एक चहावाला पोरगा
जो सारखा विचारतोय, मरणार का ही?

मरत नाही. वीस मिनिटं झाली.
काखेत कोरडी, पोटात कोरडी,
कमरेशी दाब तेवढा, कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखा.

चांगुणाबाय हात न पुसता जवळ येते.
मनगटाचा पट्टा चिमटीत धरून बघते,
पापलेटचा कल्ला उचलून बघावा तसा,
मग तिथून खाली, माझ्या उघड्या निळसर बोटांकडे.

"एवढं सगलं शिवलं," ती म्हणते,
"आन् हात भायेरच ठेवले?"