टोकाला टोक

रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, अर्धा.
उरलेला खाणीने नेला.

सकाळी मी मणी ताणते.
आधी ते गोल असतात,
केसाच्या जाडीत पन्नास मावतील एवढे.
पारदर्शक पापुद्र्यात पुरायचे, पापुद्रा गरम तेलात धरायचा,
दोन चिमट्यांनी हळू ओढायचा.
आत आंबेमोहर होता,
बाहेर जिरेसाळ येतो.

धनवंती मढवी बाटल्या धुता धुता म्हणते,
"गोल होते ते बरे नव्हते का?"

बरेच होते.
गोल मणी तेल-पाण्याच्या मधे सोडला तर बसतो. एवढंच.
पंगतीत उशिरा आलेला पाहुणा
मिळेल तिथे मांडी घालतो, तसा.
पाण्याला कळतही नाही.

लांबट मण्याचं तसं नाही.
पाण्याला सगळीकडून एकाच कोनात भेटायचं,
हा त्याचा हट्ट,
आणि अंग तर सगळीकडे सारखं नाही.
मग पाणीच वाकतं.
कुशींशी चढतं, टोकांशी दबतं.
ही चढउतार मला कधी दिसलेली नाही,
पण लांबच्या दुसऱ्या मण्याला ती लागते.
दोघं वळतात, घाई न करता.
टोकाला टोक. कधी कुशीला कूस.
टोकाला कूस आली तर
एकमेकांना ढकलतात.

धनवंतीचं घर घणसोलीत, गावठाणाच्या हद्दीवर:
ओटा गावात, मोरी सेक्टरमध्ये.
नकाशावर रेघ सरळ होती म्हणे.
सासऱ्याने ओटा हलवला नाही.

दुपारी तिच्या कपाखालचा चहा वाळतो,
फरशीवर तपकिरी कडं उरतं.
गोल कण वाहत वाहत काठाला जातात, म्हणून.
माझ्या थेंबातले लांबट मात्र
वाटेतच एकमेकांना धरतात, थांबतात.
डाग सपाट वाळतो. याचेच कंपनी मला पैसे देते.

ओले हात पदराला पुसून
तिने भिंगातून पाहिलं. खूप वेळ.
"साखळी झालीय. आणि हा एकटा, कोपऱ्यातला?"

त्याला अजून कुणी भेटलं नाही.

"मग त्याच्याभोवतीचं पाणी?"

वाकलेलंच.

ती काही बोलली नाही.
मी वहीत लिहिलं: नमुना एक्केचाळीस,
आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी,
एक सुटा.