एनाइपोशा

बेगमपुऱ्यातली चावी माझ्याकडं असते.
हातभर लोखंड, वर आडवी दांडी.
खड्ड्यात उतरायचं, अठ्ठावीस फेरे द्यायचे,
मग नळातून आधी हवा येते
खोकत, शिव्या देत,
आणि तिच्या मागून पाणी.
आठ दिवसांनी एकदा, पाऊण तास.
गल्लीत माझं नाव कुणाला ठाऊक नाही.
"आला का गुरुवार?" असंच विचारतात.

माडीवर लेमायान राहतो, केनियातल्या नारोकचा,
विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकतो.
आला त्या दिवशी कौसाबाईनं विचारलं,
"तुमच्याकडं पाणी किती दिवसाला?"
"आमच्याकडं ते येत नाही, मावशी.
आपणच जायचं. आईसोबत, गाढवं घेऊन."
तिनं तिथंच भाडं शंभरानं कमी केलं.
मला नंतर कळलं.

मे महिना. गच्ची अजून तापलेली.
रिकाम्या टाकीला टेकून त्यानं
भुजंगधारीच्या अंगाखाली बोट नेलं.
मला काही दिसेना.
"दिसत नाहीच," म्हणाला, "तारा बारीक आहे, तांबडा.
त्याच्याभोवती एक ग्रह. बहुतेक पाणीच पाणी.
त्याला आमच्या भाषेतलं नाव दिलंय: एनाइपोशा."
म्हणजे काय रे?
"मोठं पाणी. जे गप बसत नाही,
काठाशी पुढंमागं करत राहतं."
आणि तारा ओर्कारिया,
म्हणजे तांबडी माती,
त्याचे मामा केसांना चोपडतात ती.

"गेरू," मी म्हणालो.
आमची तुळस, आईचा उंबरा,
सगळं त्याच रंगाचं.
त्यानं वहीत लिहून घेतलं: गेरू.

मग मी विचारलं, जे माझ्या जागी कुणीही विचारलं असतं,
"प्रेशर किती?"
तो इतका हसला की खालून कौसाबाई ओरडली.
"भयंकर. पण प्यायचं नाही ते. नुसती तापलेली दाट वाफ."
मग असून उपयोग काय?
"उपयोग नाही. नाव आहे."

तिथलं वर्ष दीड दिवसात सरतं.
मी बोटांवर हिशोब केला:
गुरुवार ते गुरुवार, पाच वर्षं.
म्हणजे एका पाळीला जन्मलेलं लेकरू
पुढच्या पाळीला हंडा धरून रांगेत.

रविवारी त्याला हर्सूलकडं नेलं, जुन्या नहरीवर.
चारशे वर्षं झाली. पंप नाही, वीज नाही,
नुसत्या उतारानं पाणी शहरात यायचं.
"तुमच्याच बाजूच्या माणसानं आखली," मी ऐटीत सांगितलं,
"हबशी होता. विकत आणलेला."
तो गप्प झाला.
"माझ्या बाजूचा नाही. त्याचं गाव फार वर, हबशाण्यात.
मधे केवढा मुलूख आहे."
मला ओशाळल्यासारखं झालं.
नकाशा मी शाळेत पाहिलेला, तोही भिंतीवर उलटा टांगलेला.
मग तोच पालथा पडला, कान दगडाच्या तोंडाशी,
आणि बराच वेळाने म्हणाला,
"पण उतार कळत होता त्याला."
खाली कुठंतरी थोडं पाणी अजून चालत होतं.
त्यानं त्या अंधारात त्याचा शब्द सोडला.
परत आला तेव्हा शब्द ओला होता, अर्धाच.
पोशा. पोशा.

गुरुवारी रांगेत तोही होता, दोन कळश्या घेऊन.
मेहरूनबीनं विचारलं,
"क्या नाम बोला रे तू, तेरे पानी का?"
त्यानं सांगितलं.
"नाईपोसा," तिनं तोंडात घोळवलं,
"अच्छा है. ठंडा लगता."
मी खड्ड्यात होतो, वरचे पाय तेवढे दिसत होते,
चपला, रबरी बूट, एका लेकराचे नुसतेच.
पाऊण तास भरला होता.
चावीवर हात होता माझा.
फिरवली नाही अजून.
वर कुणाची तरी घागर
निम्मी भरल्याचा आवाज येत होता.