काळी चार

सोलापुरात बर्फ गिरणीतच पडायचा,
तोही तिन्ही पाळ्यांत.
शांतवन हिवाळे दुसरी पाळी संपवून
भुवयांवर कापूस घेऊन थेट चर्चच्या ओट्यावर यायचा,
पेटी उघडायचा, म्हणायचा,
हे बघा, आला नाताळ.

बहात्तरचं साल. रेशनवर लाल मिलो,
भाकरी थापली की फुटायची.
त्या वर्षीचं त्याचं गाणं:
    मागी आले उंटांवरुनी, पुसती, बाळ कुठे निजला?
    कारकून बोले दारावरचा, आधी कार्ड दाखवा मला!
पाळकसाहेब हसले नाहीत.
त्यांच्या बायकोला ठसका लागला,
मी पाणी आणायला धावले,
घरात होतं तेवढं भांडंभर.

पुढच्या नाताळाला कुणाला न सांगता
त्यानं मेंढपाळांच्या गाण्यात तिसरं कडवं घातलं.
रेल्वे लाइन्समधली चौदा घरं झाल्यावर
आमच्याच दारात, बाबांच्या समोर:
    मेंढपाळहो, हळू चला ना, तारा काही पळत नाही,
    मार्था मागे राहिली आहे, तिच्या चपलेला अंगठा नाही!
अंगठा खरंच तुटला होता.
बाबांनी कंदील खाली करून आधी माझे पाय पाहिले,
मग वर करून त्याचं तोंड.

लग्न मे महिन्यात. बेचाळीस डिग्री.
केकवरची फुलं वाहून टेबलक्लॉथवर आली.

मग बरीच वर्षं साधीच गाणी. पोरं, फिया, दूध.
गिरणीला कुलूप लागलं तेव्हा पुन्हा एक झालं:
    भोंगा मेला, रडू नका रे, तिसऱ्या दिवशी उठेल तो,
    उठला नाही तर समजा की रजेवरती असेल तो!
कामगारांच्या चाळीत हे गाणं
लोकांनी तीनदा म्हणायला लावलं.
मी अजून पहाटे उगाच जागी होते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला,
म्हणाले, छातीत कापूस आहे.
हा म्हणाला, मग बर्फ अंगणात कशाला शोधत होतो?
घरी आला आणि खोकल्याच्या ठेक्यावर चाल लावली:
    एक पेटी वाजवायाला, एक पेटी झोपायाला,
    सुतार एकच धर गं मार्था, सांग त्याला सूट द्यायला!
मी उलथनं फेकून मारलं. नेम चुकला.

सुतार एकच होता, मल्लेशम.
भाते दुरुस्त करायला तोच यायचा.
पैसे मोजताना म्हणाला, अर्धेच द्या वहिनी,
मला त्यांनी गाणं आधीच ऐकवलं होतं.

काल रात्री पोरं आली.
मोबाइलवर ठेका, कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज
दाढी नाकात जाऊन शिंकत होता.
मेंढपाळांचं गाणं म्हणाली, दोनच कडवी.
तिसरं विषयाला धरून नाही म्हणून
कमिटीनं काढलं म्हणे.

मी शेंगापोळीचं ताट पुढं केलं.
म्हटलं, अजून एक आहे.
कुठल्या सुरात, आजी?
काळी चार, म्हटलं,
आणि वाकून चपला शोधायला लागले.