गोरख कमांडर

खोक्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं
ते आमच्या क्वार्टर्समध्ये कुणालाच धड लागलं नाही.
जी, ओ, आर, पुढे ओल लागून पुसलेलं.
जुबेर म्हणाला, ग-ग-गोरख असेल.
झालं. बारसं तिथंच उरकलं.

लाल धड, करड्या मांड्या,
छातीवरचं दार उघडलं की आत काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीत आम्ही ठेवायचो
बडीशेपेची एक गोळी, अडीअडचणीला.

पप्पा दिवसभर प्रेसमध्ये नोटा मोजायचे,
दुसऱ्यांच्या, कोऱ्या, क्रमांक लावलेल्या,
संध्याकाळी गेटवर झडती देऊन
स्वतःच्या मळक्या खिशात घेऊन घरी.
तीन ओव्हरटाइमचा एक गोरख,
मेन रोडवरून, घासाघीस करून.
आईनं किंमत ऐकली आणि दोन दिवस
वरणाला फोडणी दिली नाही.

नेहरूनगरच्या टाकीखाली
द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांचा आमचा तळ.
शत्रू कोण, ते रोज नव्यानं ठरायचं:
कधी डोंगळे, कधी निशिकांत पगारेचा मोठा भाऊ,
एकदा अख्खा गणिताचा पेपर.
गोरखचा आवाज जुबेर काढायचा.
एरवी त्याची जीभ
प्रत्येक शब्दाच्या उंबऱ्याला ठेचकाळायची,
वर्गात नाव विचारलं तरी घाम.
पण गोरख बोलायला लागला
की तो अडखळणं लपवायचाच नाही.
"ह-ह-हल्ला," म्हणायचा,
आणि त्या दोन ह-मधल्या फटीत
आम्ही श्वास धरून बसायचो.
तेवढ्यात शत्रूला पळायला वेळ मिळायचा.
कमांडर दयाळू आहे, अशी आमची समजूत.

उजवा हात गेला सातवीच्या सुटीत.
खांद्यात निळ्या पेनचं टोपण बसवलं,
उदबत्तीनं डाग देऊन.
तेव्हापासून त्या हातानं तो मारायचा नाही,
नुसता दाखवायचा: तिकडे.

परवा उंटवाडीच्या मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर,
तीनशे ऐंशीचं तिकीट, पॉपकॉर्न वेगळे,
मी त्याला भेटायला गेलो.
भेटायलाच. इस्त्रीचा शर्ट घालून.
जुई म्हणाली, बाबा, आपण लग्नाला चाललोय का?

तो आला. पूल पाडत आला.
पडद्यावर सगळे त्याला भलत्याच नावानं हाक मारत होते.
मी अंधारात एकदा हळूच म्हणालो, गोरख.
त्यानं मान वळवली नाही.
छातीचं दार उघडलं, तर आत
निळा उजेड, चक्रं, तोफ,
कुठल्याशा मेलेल्या राजाचा निरोप.
गच्च भरलेलं. गोळी ठेवायला जागा नाही.
दर दोन मिनिटांनी एक शहर कोसळत होतं
आणि एकाही इमारतीत कुणी राहत नव्हतं.

मग तो बोलला.
खोल, विहिरीतून यावा तसा आवाज,
एकाही अक्षरावर न थांबता.
"हल्ला."
शत्रू जागच्या जागी मेले.

पुढच्या रांगेत माझ्याच वयाचा एक गृहस्थ
चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.
एवढी काही काच मळत नाही.

जुईला आवडला. फारच.
बाहेर काचेच्या कपाटात नवा गोरख, चोवीसशे रुपये.
तिनं त्याचा हात ओढून पाहिला.
"निघतच नाही, बाबा!" खूश होऊन.
मी पैसे दिले. काय करणार,
बाप आहे, आणि माझ्या ऑफिसच्या गेटवर
कुणी झडती घेत नाही.

पार्किंगमध्ये आल्यावर जुबेरला फोन लावला.
आठ वर्षांनी. मालेगावात गाड्या रंगवतो तो.
म्हटलं, आपल्या गोरखचा पिक्चर पाहिलास?
पलीकडे काँप्रेसरची घरघर,
ती बंद झाली,
मग ती फट, तीच,
जिच्यात मी पुन्हा श्वास धरून उभा,
हेल्मेट हातात,
स्कूटरवर जुई, तिच्या मांडीवर खोकं.
"प-प-" तो म्हणाला.

मी घाई केली नाही.